‘संगीत मृच्छकटिक’ : विंगेमागच्या नोंदी

14 ऑक्टोबर 2024, अमळनेर

आज तालमीचा नारळ फुटला. या हंगामाला गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत मृच्छकटिक’. देवलांनी शूद्रकाच्या संस्कृत नाटकावरून ते 1887 साली मराठीत आणलं. मूळ नाटक दहा अंकी आहे. आपला प्रयोग मध्यंतरासह तीन तासांत बसवायचा आहे. दिग्दर्शक सरांनी काटछाट केली आहे, पण शर्विलक या चोराची घरफोडी मूळ संस्कृतातून जवळजवळ सगळी परत आणली. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाआधी नाटक तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवायची आहे, तिच्या प्रती उद्या काढायच्या.

नटमंडळी चौदा, मागे आम्ही सहा. ऑर्गनवर आप्पा. तबल्यावर दादा, ते दिवसा शाळेत शिकवतात. कपडेपट माईंकडे. प्रकाशाला यंदा नवा मुलगा आहे, आयटीआयचा. नवरात्रात गरब्याच्या मंडपांची लायटिंग करून हात बसलेला. नेपथ्याला सुतारमिस्त्री आणि त्यांचा पुतण्या. बाकी सगळं माझ्याकडे, म्हणून ही वही.

नटांच्या नोंदी सर ठेवतात. इथे फक्त मागचं लिहायचं. गेल्या हंगामात कोणती गोष्ट कुठल्या विंगेत ठेवली होती हे कोणालाच आठवत नव्हतं आणि प्रत्येक गावी पुन्हा पहिल्यापासून मांडामांड झाली. यंदा सगळं कागदावर.

19 ऑक्टोबर

दोन दिवस फक्त दागिन्यांचा माग काढला. हे नाटक चालतं ते दागिन्यांवर, आणि ते हातोहाती इतके फिरतात की यादी केल्याशिवाय कळत नाही. गणिका वसंतसेना ते गरीब झालेल्या चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. रात्री पेटी त्याचा मित्र मैत्रेय याच्या उशाशी. तो झोपेत बरळत पेटी शर्विलकाच्या हातात देतो. शर्विलक वसंतसेनेची दासी मदनिका हिला सोडवण्यासाठी ती वसंतसेनेकडेच घेऊन जातो. मग वसंतसेना चारुदत्ताच्या छोट्या मुलाच्या, रोहसेनाच्या, मातीच्या गाडीत ते भरते. चारुदत्त ते परत करायला मैत्रेयाकडे देतो, आणि न्यायसभेत राजाचा मेहुणा शकार याच्याशी झटापट होताना ते मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात. तिथेच चारुदत्त वसंतसेनेच्या खुनाच्या आरोपात दोषी ठरतो.

म्हणजे एकच संच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये एखादा तुकडा बदलला तर चालणार नाही, कारण न्यायसभेत वसंतसेनेच्या आईला ते ओळखता का असं विचारतात. पहिल्या रांगेतल्या बाईलासुद्धा ते ओळखू आले पाहिजेत. जळगावच्या बाजारातून ठसठशीत घडणीचा हार, दोन तोडे, बाजूबंद आणले. वजनदार मुद्दाम घेतले. पडले की आवाज झाला पाहिजे. प्लॅस्टिकचे पडले तर न्यायाधीशाच्या चेहऱ्यावर काही उमटणार नाही.

चारुदत्ताची बायको धूता, तिची रत्नावली (रत्नांचा हार) वेगळी. तिचा रस्ताही वेगळा: धूता, मैत्रेय, वसंतसेना, आणि दासीच्या हातून परत धूतेकडे, पण धूता ती घेत नाही. रत्नावलीला निळी पिशवी, दागिन्यांना लाल. कोणत्या प्रवेशानंतर पिशवी कोणत्या विंगेत, हे तक्त्यावर लिहून दोन्ही विंगांत चिकटवायचं.

27 ऑक्टोबर

मातीच्या गाडीसाठी कुंभारकाकांकडे गेले. उद्या वसुबारस, त्यांच्या अंगणात पणत्या आणि बोळक्यांचे ढीग. म्हणाले, ‘ताई, दिवाळी झाल्याशिवाय चाकाला हात लावत नाही.’ बरोबर आहे. तरी बसवून घेतलं, चहा दिला, आणि गाडी कशी हवी ते ऐकून घेतलं.

त्यांनी मला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. चाकं गाडीसोबत घडवायची नाहीत. वेगळी घडवून वेगळी भाजायची, आस बांबूच्या काडीचा. आस मातीचा केला तर पहिल्याच ओढीला मोडतो. भोक आसापेक्षा बरंच मोठं ठेवायचं, कारण भाजल्यावर माती आकसते. साटा पसरट आणि काठ उभे, म्हणजे दागिने भरल्यावर बाहेर पडणार नाहीत. रंग द्यायचा नाही, फक्त गेरूचा हात. ‘सोन्याच्या गाडीसाठी पोरगं रडतंय ना? मग ही जितकी साधी तितकी बरी,’ असं ते म्हणाले. नाटक त्यांनी पाहिलेलं नाही. गोष्ट मी दोन वाक्यांत सांगितली होती.

एकसारख्या दोन गाड्या सांगितल्या.

5 नोव्हेंबर

मराठी रंगभूमी दिन. 1843 साली याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ झालं. नटराजाची पूजा केली, फराळ उरलेला होता तो वाटला, आणि लगेच तालीम. बाकी काही नाही.

12 नोव्हेंबर

भिंत. आज पूर्ण दिवस भिंतीवर गेला आणि तो सार्थकी लागला.

शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला खिंडार पाडतो तो प्रवेश बहुतेक ठिकाणी नुसत्या हावभावांवर निभावतात: नट काळोखात हात हलवतो आणि फ्लॅटच्या (नेपथ्याच्या उभ्या चौकटीच्या) मागून आत येतो. सरांना ते नको होतं. शूद्रकाचा चोर शास्त्र शिकलेला आहे. भाजलेल्या विटा असतील तर ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीचे गोळे असतील तर पाणी सोडावं, लाकूड असेल तर फाडावं, हे तो पाठ म्हणून दाखवतो. मग खिंडाराचे आकार मोजतो: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, भरलेला कुंभ. भिंत भाजलेल्या विटांची, म्हणून तो कुंभ निवडतो. मापाची दोरी घरी विसरलाय, तर गळ्यातलं जानवंच दोरी म्हणून वापरतो.

मिस्त्रींना हा उतारा वाचून दाखवला. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हा माणूस कामाचा आहे. ओढून काढायच्या म्हणतोय ना, मग विटा निघणाऱ्याच करू.’

अशी केली: सहा बाय आठ फुटांची सागाची चौकट, वर जाड मांजरपाट, त्यावर खळ आणि पिवळी माती. मध्ये कुंभाच्या आकाराची पोकळी, तोंडाशी अरुंद, पोटाशी रुंद, खाली पुन्हा निमुळती. त्या पोकळीत हलक्या लाकडाच्या पोकळ विटा, एकमेकींवर खाचेत बसणाऱ्या. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा. वरून खाली ओढायच्या. सगळ्यात शेवटी एकच उरते, तिथे शूद्रकाने लिहिलंय की एक वीट उरली आहे, आणि त्याच क्षणी त्याच्या बोटाला साप डसतो. तेव्हा ती शेवटची वीट मुद्दाम घट्ट बसवली. नटाला जोर लावावा लागतो, त्याचा हात आत जातो, आणि मग तो दचकून मागे येतो. हे नुसत्या अभिनयाने झालं नसतं.

अडचण आवाजाची. लाकडी वीट निघताना खट् वाजते, भाजलेली वीट खर्रर करते. मिस्त्रींचा पुतण्या भिंतीमागे खरी वीट आणि जुनी कानस घेऊन बसणार. नटाने वीट ओढली की त्याने कानस फिरवायची. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. मग कळणार कसं? आज तरी अंदाजाने चाललं. ते पुढे सोडवायचं आहे.

18 नोव्हेंबर

परवा मतदान. आपली तालमीची शाळा मतदान केंद्र झाली आहे, दोन दिवस आधीपासून आत कोणाला सोडत नाहीत. गल्लीत प्रचाराच्या गाड्या फिरायच्या त्या संध्याकाळी थांबल्या, एवढंच बरं. चार दिवस तालीम माईंच्या गच्चीवर. ऑर्गन वर चढत नाही, तो खाली वाड्यातच ठेवला. आप्पांनी हातपेटी घेतली.

गच्चीवर वारा गार. वसंतसेना शाल पांघरून गायली. आवाज जपायला हवा, म्हणून चढ्या जागा फक्त दाखवल्या, पूर्ण घेतल्या नाहीत. ती मूळची चोपड्याची, महाविद्यालयात शिकवते, रोज एसटीने ये-जा करते. तिला आठच्या आत सोडायचं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

24 नोव्हेंबर

आज शाळा परत मिळाली आणि प्रकाश जोडून पहिली तालीम झाली. इथे या हंगामातला खरा प्रश्न समोर आला, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या अंकाच्या शेवटी चारुदत्त वसंतसेनेला घरी पोचवायला निघतो. घरात दिव्याला तेल नाही, तेवढ्यात चंद्र उगवतो. त्यावर चारुदत्ताचं ‘रजनीनाथ’ हे पद. मूळ श्लोकात चंद्राला राजमार्गाचा दिवा म्हटलं आहे, म्हणजे त्या रात्री प्रकाश देणारा तोच. पदाबरोबर चांदणं हळूहळू चढत गेलं पाहिजे. प्रकाशवाल्या मुलाने घड्याळ लावून बसवलं होतं: नव्वद सेकंदांत डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारी कळ, शून्यापासून सत्तरवर. काल गच्चीवर चारुदत्ताने पद सरळ म्हटलं, तेव्हा वेळ नेमकी बसली. आज त्याला सूर लागला, त्याने दुसऱ्या ओळीवर आलापी घेतली, आणि चंद्र त्याच्या आधी पूर्ण उगवून उभा राहिला. पुढे गाण्यात चांदणं वाढत होतं आणि रंगमंचावर वाढायला जागाच उरली नव्हती.

गद्य नाटकात क्यू, म्हणजे काम करायचा इशारा, वाक्याला बांधलेला असतो. वाक्य तेवढंच राहतं, आज असो की उद्या. संगीत नाटकात क्यू पदाला बांधलेला, आणि पद किती वेळ चालेल हे गळ्यावर, त्या दिवशीच्या हवेवर आणि समोरच्या टाळीवर अवलंबून. वन्समोअर आला तर पुन्हा पहिल्यापासून. मग पडदा ओढणारा, डिमर सरकवणारा, विटेमागे कानस घेऊन बसलेला, या सगळ्यांनी घड्याळ बघून उपयोग काय? त्यांनी ऐकलं पाहिजे. आणि ऐकून कळण्यासाठी त्यांना पद यायला हवं.

मी आप्पांना विचारलं, मागच्या पोरांना पदं शिकवाल का? गळ्यावर चढवायची नाहीत, कानात बसवायची. आप्पा म्हणाले, पूर्वी पडदेवालेसुद्धा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवायचे. उद्यापासून तालमीच्या आधी अर्धा तास मागच्या सगळ्यांनी ऑर्गनपाशी बसायचं. मीही बसणार.

29 नोव्हेंबर

ही शिकवणी बघण्यासारखी आहे. आप्पा अस्ताई, म्हणजे पदाचा पहिला भाग, वाजवतात, दादा ठेका धरतात, आणि सगळे टाळी देतात. आधी फक्त सम ओळखायची. मग अंतऱ्याला, म्हणजे दुसऱ्या भागाला, सूर वर जातो ती जागा. मग तिहाई: एकच तुकडा तीनदा येऊन समेवर टेकतो. तिहाई सुरू झाली की हात तयार ठेवायचा आणि सम आली की काम करायचं. मिस्त्रींच्या पुतण्याला हे लगेच जमलं, तो लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवतो. प्रकाशवाल्याला वेळ लागतोय. तो मात्रा मोजतो आणि मोजण्यात सूर निसटतो. दादांनी त्याला मोजायला बंदी केली आहे. आता तो डोळे मिटून बसतो.

वीट आणि कानस यांचा तिढाही इथेच सुटला. शर्विलक तो उतारा म्हणतो त्या खाली आप्पा ऑर्गनवर एक षड्ज (सा) धरून ठेवतात, आणि वीट ओढायच्या आधी नट श्वास घेतो तेव्हा पंचम (प) लावतात. पंचम लागला की कानस. प्रेक्षकाला वाटेल नुसती पार्श्वसंगीताची जागा आहे.

1 डिसेंबर

पाचव्या अंकाचा पाऊस. वसंतसेना भर पावसात चारुदत्ताकडे जाते. प्रकाशवाल्याने मोबाइलवरून पावसाचा छान आवाज काढून दिला होता, विजांसकट. पण रेकॉर्डिंगमधला पाऊस गाणं ऐकत नाही. ती मंद्रात, खालच्या सप्तकात, उतरते तिथे नेमकी वीज कडाडते आणि शब्द बुडतात.

मग माईंनी सूप आणलं. सुपात धान्य घालून गोल फिरवायचं. बाजरी घालून पाहिली: फार बारीक, झिमझिम होते. मूग घरंगळतात आणि एकदम थांबतात. दादर ज्वारी घातली आणि सगळे गप्प झाले. दादरीचा दाणा टपोरा आणि कडक. तिच्या आवाजात पागोळ्यांचं पाणी आहे. सूप आडवं धरलं की संथ सर, तिरपं केलं की जोर. गडगडाटाला पत्रा, दोन्ही बाजूंना दोरी बांधून टांगलेला. पत्रा फक्त दोन पदांच्या मधल्या गद्यात हलवायचा, पदात नाही.

सूप माईंच्याच हातात राहणार. त्यांनी आयुष्यभर धान्य पाखडलंय, मनगटात तो वळसा आहे. ती गाते तेव्हा माई तिच्याकडे बघतात आणि तिचा सूर खाली गेला की पाऊस आपोआप ओसरतो.

8 डिसेंबर

कपडेपटाची यादी झाली. वसंतसेनेचे तीन वेश, त्यातला दुसरा बदल फार घाईचा: भिजलेली ती आत येते आणि मधल्या पदाभरात कोरडी होऊन बाहेर. त्यासाठी उजव्या विंगेत आडोसा, दोन मोठे आकडे, एक हात-आरसा. बटणं काढून नाड्या लावल्या, अंधारात नाडी सापडते. गंगावन आधीच खोप्यात गुंफून पिनांनी पक्कं करून ठेवायचं.

चारुदत्ताच्या उत्तरीयावर मूळ नाटकात जाईच्या फुलांचा वास आहे. माईंनी त्याला खरंच अत्तर लावलं. तिसऱ्या रांगेपर्यंत कोणाला कळणार नाही, पण वसंतसेनेला कळतं, आणि त्या वाक्याला तिचा चेहरा बदलतो.

शकाराच्या नटाला वेगळीच अडचण. त्याला ‘स’च्या जागी ‘श’ म्हणायचंय आणि दाढी चिकटवलेली. दाढीचा डिंक, स्पिरिट गम, ओठाच्या कडेला आला की ओठ ताणला जातो. रंगभूषा करताना त्याला चारपाच वाक्यं म्हणायला लावून मगच कड बसवायची. तक्त्यावर लिहिलं.

15 डिसेंबर

काल दत्तजयंती. मिस्त्रींचा पुतण्या सारंगखेड्याच्या यात्रेला गेला होता, घोड्यांचा बाजार बघायला. येताना मी सांगितलेली घुंगरमाळ घेऊन आला, चामड्याच्या पट्ट्यावर जाड पितळी घुंगरं. सहाव्या अंकात गाड्यांची अदलाबदल होते. वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत बसते. आपण गाडी रंगमंचावर आणत नाही, ती फक्त ऐकू येते. चारुदत्ताच्या गाडीला ही माळ आणि शकाराच्या गाडीला बारीक, फार वाजणारी दुसरी. वसंतसेना गाडीकडे निघते तेव्हा प्रेक्षकाने चुकीची माळ ऐकलेली असते आणि तिला ते माहीत नसतं. सरांनी तो क्षण अर्धा मिनिट वाढवला.

कुंभारकाकांकडून दोन्ही गाड्या आल्या. हातात घेतल्यावर त्या थंडगार आणि अपेक्षेपेक्षा जड लागतात. ओढल्या की फरशीवर घरघर वाजतात. रोहसेन करणारी मुलगी तिसरीत आहे. तिने गाडी मांडीवर घेतली आणि तालीम संपेपर्यंत सोडली नाही.

17 डिसेंबर, रंगीत तालीम

थंडी कडाक्याची. तबल्याची पुडी कोरड्या हवेत ताणली जाते आणि दिव्यांच्या उष्णतेने आणखी चढते. चारुदत्ताचा सूर पेटीची काळी एक, वसंतसेनेचा पांढरी पाच, म्हणून दादा दोन वेगळे दायां, उजव्या हाताचे तबले, बाळगतात. नियम केला: प्रयोगाच्या आधी तासभर दोन्ही तबले दिव्यांच्या उजेडात आणून ठेवायचे, मग लावायचे. खोलीत लावून थेट रंगमंचावर आणले तर पहिल्याच पदात उतरवत बसावं लागतं.

दुसऱ्या अंकानंतर लाल पिशवी डाव्या विंगेत सापडली नाही. मदनिका ती हातात घेऊनच कपडे बदलायला गेली होती. तक्त्यात एक ओळ वाढवली: पिशवी हातातून हातात, खुंटीवर, आणि कुठेही नाही.

21 डिसेंबर, पहिला प्रयोग, अमळनेर

सभागृह भरलं. फेब्रुवारीत इथे 97वं साहित्य संमेलन झालं तेव्हापासून गावात कार्यक्रमाला बाहेर पडायची सवय वाढली आहे असं मला वाटतं. नांदीला आम्ही मागचे सगळे विंगेत हात जोडून उभे होतो.

‘रजनीनाथ’ला चारुदत्ताने आज आलापी तर घेतलीच, वर अंतरा दोनदा घेतला. प्रकाशवाला डोळे मिटून डिमरवर. पहिल्या ओळीला चांदणं नुसतं क्षितिजावर. तो आलापीला थांबला, तर चंद्रही थांबला. अंतऱ्याला वर गेला, तर उजेड त्याच्या उत्तरीयावर चढला. शेवटच्या तिहाईवर तिसऱ्या फटक्याला सत्तर. टाळ्या, मग वन्समोअर. वन्समोअरचं आधीच ठरलं होतं: उगवलेला चंद्र मावळवायचा नाही. त्याने चांदणं तसंच ठेवलं आणि फक्त मागच्या निळ्यात फरक केला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

भिंतीला पहिली वीट निघाली तेव्हा प्रेक्षागृहातून ‘अरे!’ आलं. जानव्याने माप घेतलं तिथे हशा, आणि शेवटची वीट अडली तिथे सन्नाटा. पुतण्याची कानस एकदाही मागेपुढे झाली नाही.

न्यायसभेत दागिने पडले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार, कारण त्यानंतर कोणी खोकलंसुद्धा नाही.

5 जानेवारी 2025, पारोळा तालुक्यात, उघड्यावर

उघड्या मैदानावर ध्वनिवर्धकाला रात्री दहापर्यंतच परवानगी. नाट्यगृहाच्या आत तशी अडचण नसते. म्हणून साडेसहाला नांदी, आणि वन्समोअर फक्त दोन घ्यायचे असं आधीच ठरवलं.

चाचणी करताना स्पीकरमधून घुंई असा आवाज. आप्पांनी ऑर्गनवर सूर धरून पाहिला: पांढरी पाचच्या किंचित वर. वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे तिची घरघर नेमकी तिथे बसते. आणि पांढरी पाच हा वसंतसेनेचा षड्ज. म्हणजे ती गाणार त्याच्या अगदी जवळ, पण बेसूर, एक सूर अख्खा वेळ चालू राहणार. कोणीही गायिका त्याच्याकडे ओढली जाईल. प्रकाशवाल्याने अर्थिंगची तार बदलली, प्रकाशाची आणि ध्वनीची जोडणी वेगवेगळ्या बोर्डांवर नेली, जनरेटर शाळेच्या इमारतीमागे हलवला. घुंई गेली. महिन्यापूर्वी त्याला तो आवाज बेसूर आहे हे ऐकू आलं नसतं. आज आप्पांच्या आधी त्याचंच डोकं वर झालं होतं.

टेम्पोतून उतरवताना एक गाडी गेली, चाक आणि अर्धा साटा. दुसरी वापरली. कुंभारकाकांना निरोप: संक्रांतीची सुगडं झाली की आणखी दोन.

रोहसेन रडण्याच्या प्रवेशात समोर बसलेल्या एका आजींनी मोठ्याने विचारलं, ‘काय व्हयनं भो?’ (काय झालं रे?) मुलगी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग खरोखर रडली. दहाला पाच कमी असताना भरतवाक्य, म्हणजे शेवटचं पद. नंतर गावाने कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. सामान भरायला बारा वाजले.

11 जानेवारी, जळगाव, छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह

बालगंधर्वांचं गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण याच गावात मेहबूबखाँ यांच्याकडे झालं. आप्पा रंगमंचावर पाय ठेवण्याआधी वाकले, आम्हीही वाकलो.

रंगमंच आपल्या सवयीपेक्षा खूप रुंद. आपली भिंत त्यावर एकाकी दिसली, म्हणून दोन्ही बाजूंना काळे फ्लॅट लावून जागा आवळली. उजव्या विंगेतून डाव्या विंगेत मागच्या बाजूने जायला लांबचा फेरा; लाल पिशवीच्या रस्त्यात त्यामुळे बदल. मैत्रेयाने डावीकडून जाऊन उजवीकडून यायचं होतं, ते आता एकाच बाजूने. तक्ता दुपारी नव्याने लिहिला, आणि मध्यंतरात सगळ्यांना पुन्हा वाचून दाखवला.

इथला प्रकाशाचा बोर्ड मोठा, आणि तो त्यांचाच माणूस चालवतो. ‘क्यूची यादी द्या, सेकंदांत,’ तो म्हणाला. आपल्या मुलाने सांगितलं की सेकंद नाहीत. मग तो त्याच्या शेजारी बसला आणि पूर्ण प्रयोगभर त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून होता: दाबलं की चढव, उचललं की थांब. दुसऱ्या अंकापासून त्या दादांनी यादी बाजूला ठेवली.

‘तेचि पुरुष’ या पदाला आज वन्समोअर आला, अमळनेरला आला नव्हता. माईंचा पाऊस आज फार सुंदर पडला. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात सुपाचा आवाज पोचेल का याची मला धास्ती होती. सुपापाशी एक माइक ठेवला, तोही अगदी कमी. पोचला.

16 जानेवारी

आवरासावर. सुपातली ज्वारी काढून दळायला दिली, ठेवली तर पोरकिडे होतात. ऑर्गनच्या भात्याचं चामडं उंदरांपासून जपायचं, म्हणून तो लोखंडी पेटाऱ्यावर चढवून चादरीत बांधला. फेब्रुवारीअखेर उघडून पॅडल मारायचं, नाहीतर उन्हाळ्यात चामडं तडकतं. विटा आकड्यांप्रमाणे मोजून गोणीत भरल्या. शेवटच्या विटेची खाच झिजली आहे, मिस्त्री नवी बसवतील. दागिने लाल पिशवीत, रत्नावली निळीत. तक्ते लॅमिनेट करून घ्यायचे, तीन ठिकाणांचे तीन वेगळे.

कुंभारकाकांकडून नव्या गाड्या पुढच्या आठवड्यात.

पावसाळ्यानंतर देवलांचंच ‘संगीत शारदा’ घ्यायचं सरांच्या मनात आहे. प्रकाशवाला आज आप्पांकडून त्यातली पदं फोनमध्ये भरून घेऊन गेला. त्याचे क्यू तोच लिहिणार, पदांच्या ओळींवर.